दिवाळीच्या सुट्टीत मध्य व्हिएतनाम: हुए, हाय वान घाट, दा नांग, होई आन

टपालपेटी
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत ९ दिवस व्हिएतनामचं घाटतंय. आम्ही दोघे, मुलगी (११), आई (७१, गुडघे कुरकुरतात) आणि मावशी. आई-मावशी पक्क्या शाकाहारी, अंडंही चालत नाही. हनोई-हालाँग-साइगॉन असं सगळं एका दमात नको. डोंगर आणि समुद्र हाताच्या अंतरावर असलेला मधला पट्टाच करायचा आहे, म्हणजे हुए ते होई आन. प्रश्न:
१. दिवस कसे वाटावेत? मुक्काम दा नांगला की होई आनला?
२. हाय वान घाट रेल्वेने, गाडीने की स्कूटरने? आंतरराष्ट्रीय परवाना काढणार आहे.
३. शाकाहाराचं काय?
तिकिटं अजून काढलेली नाहीत.

कासवछाप
रुमाल टाकून ठेवतो.

ओलेती_छत्री
तिकिटं काढली नाहीत हे फार बरं झालं. दिवाळी आणि हुए यांचं जमत नाही.

आपल्या डोक्यात पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर. या किनाऱ्यावर तेव्हा कडक ऊन असतं. पाऊस सुरू होतो सप्टेंबरात आणि रेंगाळतो डिसेंबरपर्यंत. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे ऐन भर. चेन्नईला जे होतं तेच इथे होतं. ईशान्येचा वारा समुद्रावरून बाष्प घेऊन येतो. फरक एवढाच की इथे किनाऱ्याच्या पाठीशी त्रुओंग सोनची डोंगररांग उभी आहे आणि तिचा एक फाटा, बाख मा ते हाय वान, थेट समुद्रात उतरतो. ढगांना जायला वाट नाही, म्हणून सगळं इथेच रितं होतं. चक्रीवादळांचा हंगामही हाच.

आकडे बोलतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला होता, आठवतंय ना? हुएला नोव्हेंबर १९९९ मध्ये २४ तासांत १,३८४ मिमी पडला. आणि ऑक्टोबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात बाख मा डोंगरावर २४ तासांत १,७०० मिमीच्या वर.

चांगला काळ फेब्रुवारी ते मे. जून ते ऑगस्ट समुद्र शांत, पण ऊन भाजतं.

डबलबेल
इतकंही घाबरवू नका हो. नोव्हेंबरात रोज पूर येत नाही. सलग दोन दिवस पाऊस, मग दोन दिवस उघडीप असंही असतं. हॉटेलं निम्म्या दरात, गर्दी नाही. हुएचा राजवाडा पावसात उलट जास्तच छान दिसतो.

ओलेती_छत्री
@डबलबेल, एकटादुकटा माणूस असेल आणि तारखा मोकळ्या असतील तर मान्य. पण ७१ वर्षांची आई, ११ वर्षांची मुलगी आणि परतीचं पक्कं तिकीट असताना नाही. नेमकं काय अडतं ते सांगते:

होई आनचा जुना भाग थू बोन नदीच्या काठावरच आहे. वरच्या धरणांतून पाणी सोडलं आणि त्याच वेळी समुद्राला भरती असली की बाजारपेठेत कमरेएवढं पाणी. तिथल्या जुन्या घरांच्या भिंतींवर प्रत्येक मोठ्या पुराची रेघ वर्षासकट ओढून ठेवलेली दिसते, त्यावरून समजा. मग नदीकाठच्या हॉटेलांतून लोकांना नावेने बाहेर काढतात. घाटात दरडी येतात, रूळ खचतात, हुए-दा नांग गाड्या थांबतात. कू लाव चाम बेटांच्या बोटी बंद. समुद्रावर लाल बावटा. म्हणजे तुम्ही ज्यासाठी निघालात ते डोंगर आणि समुद्र, दोन्ही एकदम बाद.

वांगंभात
+१. 'निम्म्या दरात हॉटेल' याचा अर्थ हॉटेलवाल्यालाही पाऊस माहीत आहे.

मीटरगेज
तारखा ठरतील तेव्हा ठरोत, मी प्रश्न २ घेतो.

हुए ते दा नांग १०३ किमी. रेल्वेगाडी अडीच ते साडेतीन तास घेते. एवढा वेळ का, तर मार्ग मीटर गेज आणि एकेरी, त्यात घाट. घाट चढायला मागून जादा इंजिन लावतात, आपल्याकडे कसाऱ्याला बँकर लावतात तसंच.

जागा: हुएहून दा नांगला जाताना समुद्र डावीकडे. उलट दिशेने उजवीकडे. हनोईहून दक्षिणेला जाणाऱ्या गाड्यांना विषम क्रमांक (एसई१, एसई३), उत्तरेला जाणाऱ्यांना सम. पहिला तासभर भातशेती आणि काव हाय खाडी. खरी मजा लांग को स्टेशन सुटल्यावर सुरू होते आणि तासभर टिकते: खाली खडकांवर फुटणारं पाणी, वर जंगल, मधूनच बोगदा. या भागात रस्ता डोंगरमाथ्यावरून जातो आणि रूळ कड्याच्या पोटातून, त्यामुळे रेल्वेतून दिसणारे छोटे निर्मनुष्य किनारे गाडीतून दिसत नाहीत.

२६ मार्च २०२४ पासून याच टप्प्यावर खास पर्यटक गाडीही सुरू झाली आहे, क्रमांक एचडीने सुरू होतो. ती लांग कोला फोटोसाठी थोडी थांबते. लांबच्या गाड्यांपेक्षा डबे स्वच्छ, आणि हनोईहून उशिरा येण्याचा प्रश्न नाही. एसई गाड्या हुएला पोचेपर्यंत ६८८ किमी कापून आलेल्या असतात, तास-दीड तास उशीर सहज.

काय चुकतं:
– डब्यांत निम्म्या खुर्च्या उलट्या तोंडाच्या असतात. ज्यांना उलटं बसून मळमळतं त्यांनी आसनांचा नकाशा बघूनच क्रमांक निवडावा.
– बर्थचं तिकीट काढू नका. वरच्या बर्थवरून काही दिसत नाही. 'सॉफ्ट सीट' पुरे.
– फलाट खाली, डबा वर, पायऱ्या उभ्या. काकूंना हात द्यायला एक जण आधी वर, एक खाली. सामान शेवटी.
– काच बाहेरून मळकी असते. फोटोवाल्यांनी दोन डब्यांच्या मधल्या दाराशी उभं राहावं.
– रेल्वेच्या साइटवर आपली कार्डं कधीकधी चालत नाहीत. दोनदा प्रयत्न करून सोडून द्या, स्टेशनवर आदल्या दिवशी मिळतं. टेटच्या (त्यांच्या चांद्र नववर्षाच्या) आसपास मात्र नाही.

अवांतर: दा नांग स्टेशनात गाडी आत शिरते तिथून पुढे रूळ नाहीत. इंजिन दुसऱ्या टोकाला लावून ती उलटी निघते. पुढे साइगॉनकडे जाणार असाल तर डावी बाजू उजवी होते.

कासवछाप
दंडवत. वाचनखूण साठवली.

फिरस्तीण
रेल्वे सुंदरच, पण ज्येष्ठ बरोबर असतील तर माझं मत गाडीला. हुएच्या हॉटेलच्या दारातून होई आनच्या हॉटेलच्या दारात, सामान एकदाच चढवायचं. सुमारे १३० किमी, वाटेत थांबत पाच-सहा तास. ७ आसनी गाडीला साधारण १५ ते २० लाख डोंग. (दचकू नका, खाली कुणीतरी हिशोब सांगेलच.)

पण ठरवताना एक गोष्ट लिहून घ्या. हाय वानच्या पोटातून २००५ पासून ६.२८ किमीचा बोगदा आहे. ड्रायव्हरचा वेळ आणि इंधन वाचतं, म्हणून न सांगितल्यास गाडी बोगद्यात शिरते आणि तुम्ही व्हिएतनामचा सर्वांत देखणा रस्ता न बघता पलीकडे निघता. 'देओ' म्हणजे घाट, 'हम' म्हणजे बोगदा. संदेशात 'देओ हाय वान' असं भाषांतर यंत्रातून काढून पाठवा आणि होकार घ्या.

घाट २१ किमीचा, माथा ४९६ मीटर. आकड्याने आपल्या घाटांपुढे किरकोळ वाटतो, पण समुद्रसपाटीपासून सरळ चढतो. माथ्यावर सम्राट मिन्ह मांगच्या काळातलं, १८२६ चं दगडी द्वार आहे, डागडुजी होऊन २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. हाय वान म्हणजे 'समुद्र-ढग', आणि तो नावाला जागतो: दुपारी माथा ढगात जातो. ९ ते ११ च्या दरम्यान माथ्यावर असाल तर दोन्ही बाजू दिसतात.

घाटउतार
स्कूटरचं मी सांगतो, आणि ते कुणाला आवडणार नाही.

भारतात आरटीओ देतं तो आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराचा. व्हिएतनाम मानतो तो १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा. भारत त्या करारात नाही. तेव्हा ती पुस्तिका कितीही शिक्के मारून आणलीत तरी तिथे तुम्ही विनापरवाना. भाड्याने देणारा विचारत नाही, तो प्रश्न त्याचा नाही. अपघात झाला की प्रवास विम्याची कंपनी पहिला कागद परवान्याचा मागते आणि दावा तिथेच संपतो.

कायदेशीर पर्याय दोन. ५० सीसीच्या आतली किंवा कमी ताकदीची विजेची स्कूटर, जिला परवाना लागत नाही. होई आनच्या भातशेतीत आणि आन बांग किनाऱ्यापर्यंत ती पुरते, घाटात नाही. दुसरा, चालकासकट मोटरसायकल, 'ईझी रायडर'. तुम्ही मागे बसायचं, सामान वेगळ्या गाडीने पुढे. हेल्मेट अर्धं, टोपीसारखं देतात. पूर्ण चेहऱ्याचं मागून घ्या.

ज्यांच्याकडे दुसऱ्या देशाचा योग्य परवाना आहे त्यांच्यासाठी: घाटाला ऑटोमॅटिक स्कूटर नको. उतारावर वेग कमी झाला की तिचा क्लच सुटतो आणि इंजिनाचा अटकाव जातो. सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतात, मग मूठ दाबली तरी धरत नाहीत. म्हणूनच दा नांगच्या सोन त्रा डोंगरावर वरच्या तीव्र चढावाला ऑटोमॅटिक गाड्या सोडतच नाहीत. चार गिअरची, क्लच नसलेली गाडी घ्या आणि उतरताना दुसरा-तिसरा गिअर सोडू नका. शिवाय तेलाचे टँकर बोगद्यात न्यायला बंदी, ते सगळे घाटानेच येतात. वळणावर आपल्या लेनची कड धरा. रहदारी उजवीकडून हेही विसरू नका. दारूबाबत मर्यादा शून्य.

डबलबेल
म्हणजे उत्तर 'नाही' असं आहे ना?

घाटउतार
हो, पण कारणासकट.

पुरणयंत्र
शाकाहाराची बाजू माझी.

तिथे शाकाहाराला शब्द आहे चाय. बौद्ध परंपरेतला आहार: मांस नाही, मासे नाहीत, कडक ठिकाणी कांदा-लसूणही नाही. पाटीवर 'कोम चाय' दिसलं की डोळे झाकून आत जा. 'तोय आन चाय' म्हणजे मी शाकाहारी आहे.

चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, म्हणजे ढोबळमानाने अमावास्येला आणि पौर्णिमेला, घरोघरी चाय खातात. त्या दिवशी एरवी मांस विकणाऱ्या टपऱ्याही चाय करतात. हुए तर पूर्वीची राजधानी आणि देवळांचं गाव, तिथे चायची परंपरा सगळ्यात जुनी आणि चवदार.

खरा घोटाळा दिसत नाही तिथे असतो. फोचं, म्हणजे नूडल्सच्या सूपचं, पाणी गाईच्या हाडांचं. वरचं मांस काढून दिलं तरी पाणी तेच. भाजीत नुओक माम, म्हणजे माशाचं खारं पाणी, आपण मीठ घालतो इतक्या सहज पडतं. हुएच्या मसाल्यात कोळंबीचं वाटण असतं. 'मांस नको' म्हटलं तर मांस येत नाही, बाकी सगळं येतं! म्हणून 'मांस नको' म्हणू नका, 'चाय' म्हणा. अंड्याचं वेगळं सांगा: 'खोंग चुंग'.

आणि आईंना आधीच सांगून ठेवा: चाय हॉटेलात ताटात कोळंबी, मासा, बदकाचा तुकडा दिसेल. सगळं सोयाबीन आणि गव्हाच्या पिठाचं, आकार मात्र हुबेहूब.

वांगंभात
मावशी पाटी वाचून आत जाणार, 'दोन चाय' सांगणार आणि समोर सोयाबीनचं बदक येणार. हा व्हिडिओ मला हवाय.

टपालपेटी
@वांगंभात, मावशींना हे वाचून दाखवलं. त्यांचा प्रश्न: मग चहाला काय म्हणतात?

पुरणयंत्र
'चा'! त्रास नको म्हणून बोट दाखवा. दूध घालून मिळणार नाही, चहाची पावडर आणि दुधाची भुकटी बरोबर न्या.

शिलालेख
धाग्यात अजून मी सोनचं नावही नाही? होई आनहून ४० किमी, डोंगरांच्या वाडग्यात बसलेली, इथल्या जुन्या चाम राज्याच्या राजांची शिवमंदिरं. राजा भद्रवर्मनने चौथ्या शतकाच्या अखेरीस इथे भद्रेश्वराचं स्थान केलं आणि पुढे तेराव्या शतकापर्यंत बांधकामं होत राहिली. संस्कृत शिलालेख जागेवर उभे आहेत. विटा अशा बसवल्या आहेत की मधला सांधा दिसत नाही. त्या कशाने चिकटवल्या यावर अजून वाद चालू आहे.

बघताना क्रम: बी, सी, डी हे गट एकत्र आणि सर्वांत शाबूत, तिथे वेळ द्या. ए गटातलं सर्वांत उंच शिखर ऑगस्ट १९६९ च्या अमेरिकी बॉम्बफेकीत गेलं. आसपास दिसणारे गोल खड्डे त्याच बॉम्बचे. पायवाट सोडून झाडीत शिरू नका. ए, एच आणि के गटांची डागडुजी २०१७ ते २०२२ या काळात आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केली आणि त्या कामात २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. ही जागा पाहताना 'आपलं काही' वाटायचं असेल तर त्याला हे पक्कं कारण आहे.

सकाळी ८ च्या आत पोचा. ९.३० नंतर बसगाड्या उतरतात आणि विटांची भट्टी तापते. तिकिटात आतल्या विजेच्या गाडीची फेरी येते, तरी शेवटी दीड-दोन किमी चालणं आहेच, बहुतेक सपाट.

मूर्ती मात्र तिथे फारशा नाहीत. त्या दा नांगच्या चाम शिल्प संग्रहालयात. फ्रेंचांनी १९१९ मध्ये उघडलेलं, नदीकाठी, ड्रॅगन पुलाच्या पायथ्याशी. मी सोनचं ई १ आणि त्रा कीऊचं अशी दोन कोरीव दगडी पीठं (मूर्तींचे चौथरे) चुकवू नका. आधी संग्रहालय, मग मी सोन, असा क्रम ठेवलात तर रिकाम्या गाभाऱ्यात काय होतं ते डोळ्यांपुढे उभं राहतं.

डबलबेल
आता कुणीतरी व्हिएतनामी नेत्यांनी शिवाजी महाराजांपासून प्रेरणा घेतल्याचं ते फॉरवर्ड टाकेलच.

शिलालेख
टाकलंच तर मूळ संदर्भ मागा, धागा तिथेच शांत होतो. भारताशी नातं दाखवायला चामांचे संस्कृत लेख पुरेसे आहेत. हाय वानचीच गंमत बघा: हा घाट दीर्घकाळ उत्तरेचे दाय विएत आणि दक्षिणेचे चाम यांच्यामधली भिंत होता. १३०६ मध्ये चाम राजाने विएत राजकन्येच्या बदल्यात घाटाच्या उत्तरेकडचे दोन प्रांत देऊन टाकले, आणि हुए त्याच मुलखात आहे.

सौ_टक्के_सहमत_नाही
बा ना हिल्सबद्दल कुणी बोलत नाही. सोनेरी पूल, तो धरणारे दगडासारखे दिसणारे हात, ५,८०१ मीटरचा रोपवे. मुलगी बरोबर आहे तर पाहिजेच.

फिरस्तीण
डोंगरावर उभारलेलं खोटं फ्रेंच गाव. माणशी खर्च बाकीच्या तीन दिवसांच्या तिकिटांइतका. तेवढ्या वेळात सोन त्रा होतं: लिन्ह उंग पॅगोड्याची ६७ मीटरची मूर्ती, आणि नशीब असेल तर लाल पायांचे दूक वानर. प्रवेश फुकट.

सौ_टक्के_सहमत_नाही
वानर नशिबावर, रोपवे तिकिटावर. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसल्या जागी १,४०० मीटरवर नेणारी दुसरी सोय त्या पट्ट्यात दाखवा. मे महिन्यात खाली ३५ अंश असताना वर गारवा असतो.

फिरस्तीण
गुडघ्यांचा मुद्दा मान्य. मग अटी: उघडायच्या वेळी दारात हजर, सरळ पुलावर, १० नंतर पूल दिसतच नाही, फक्त डोकी दिसतात. आणि वर ढग असतील तर त्या दिवशी जाऊच नका. सकाळी शहरातून डोंगराकडे बघून ठरवा, तिकीट आधी काढून ठेवू नका.

ओलेती_छत्री
गुडघ्यांवरून: हुएच्या सम्राटांच्या समाध्यांत खाय दिन्हची नको, १२७ पायऱ्या आहेत. मिन्ह मांग आणि तू दूक या दोन बऱ्यापैकी सपाट, झाडं-तळी आहेत, काकू रमतील. दा नांगच्या संगमरवरी डोंगरांपैकी थूय सोनला लिफ्ट आहे, पण लिफ्ट संपल्यावर पुन्हा पायऱ्या सुरू होतात हे कुणी सांगत नाही. राजवाड्याच्या आवारात विजेच्या गाड्या मिळतात. घ्या, तो परिसर नकाशावर वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे.

मीटरगेज
मुक्काम कुठे या वादात: दा नांग. विमानतळ शहरापासून ३ किमी, मी खे किनारा चालत, लिफ्टची हॉटेलं. होई आन ३० किमी, संध्याकाळी जाऊन परत या.

शिलालेख
होई आन संध्याकाळी 'जाऊन परत' करायची जागा नाही. संध्याकाळी तिथे सगळं दा नांग आलेलं असतं. गाव खरं दिसतं सकाळी ६ ते ८, दुकानं उघडायच्या आधी, पिवळ्या भिंती आणि सायकली. त्यासाठी तिथे झोपावं लागतं. दोन्हीकडे राहा, पण होई आनला एक रात्र जास्त. मात्र जुन्या पेठेच्या आत खोली नको, तिथे ठरावीक वेळी गाड्या येत नाहीत आणि सामान ओढत न्यावं लागतं. पेठ आणि आन बांग किनारा यांच्यामध्ये, भातशेतीच्या बाजूला घ्या. शिवणकाम करून घ्यायचं असेल तर पहिल्याच दिवशी मापं द्या. २४ तासांत शिवून देतात, पण दुसरी फिटिंग झाल्याशिवाय बाही बसत नाही.

चांद्र महिन्याच्या १४ तारखेला जुन्या पेठेत विजेचे दिवे मंद करून कंदील लावतात. कॅलेंडरमध्ये पौर्णिमेच्या आदला दिवस धरा. एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, म्हणून हॉटेलला विचारून घ्या.

कोरा_धनादेश
पैशांचं राहिलं. १ लाख डोंग म्हणजे साधारण ३५० रुपये. शेवटची तीन शून्यं झाका आणि साडेतीनने गुणा. म्हणजे वरची १५ लाखांची गाडी सव्वापाच हजारांत.

नोटांत फसगत होते: २० हजार आणि ५ लाख दोन्ही निळ्या, १० हजार आणि २ लाख दोन्ही तांबूस-पिवळट. अंधारात टॅक्सीवाल्याला ७० रुपयांऐवजी साडेसतराशे जातात. ५ लाखांच्या नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवा. डॉलर कोरे न्या; घडी पडलेल्या, शाई लागलेल्या नोटेला दर कमी देतात किंवा परत करतात. एटीएम एका वेळी २०-३० लाखच देतं आणि दर वेळी शुल्क कापतं.

ई-व्हिसा: शेवटी जीओव्ही डॉट व्हीएन असलेल्या सरकारी साइटवरच. एकदा प्रवेशासाठी २५ डॉलर, अनेकदासाठी ५०, मुदत ९० दिवसांपर्यंत. सांगतात ३ कामाचे दिवस, तुम्ही २ आठवडे धरा. नाकारला तर पैसे परत नाहीत, आणि नाकारतात बहुतेक या तीन गोष्टींवरून: पासपोर्टावर आडनाव आणि नाव वेगळ्या ओळींत असतं ते तसंच्या तसं न भरणं (आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं, तिथे गडबड); पासपोर्टच्या पानाच्या फोटोत खालच्या दोन सांकेतिक ओळी कापल्या जाणं; चष्मा घातलेला फोटो. प्रवेशाचा विमानतळही निवडावा लागतो, आधी मार्ग ठरवा मग अर्ज करा. १ जुलै २०२५ पासून क्वांग नाम प्रांत दा नांगमध्ये विलीन झाला आहे, म्हणजे होई आनचं हॉटेलही आता कागदोपत्री दा नांगमध्ये.

टपालपेटी
सगळ्यांचे मनापासून आभार, धाग्याची भट्टी जमली. दिवाळी रद्द, घरी मतदान झालं. आता मे महिना की नाताळ? मुलीची शाळा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात संपते.

ओलेती_छत्री
नाताळात पाऊस ओसरलेला असतो, गेलेला नसतो. हुएला रिपरिप आणि गारठा, समुद्र खवळलेला. मे घ्या.

पण ३० एप्रिल आणि १ मे टाळा. त्यांचा एकीकरण दिन आणि कामगार दिन जोडून येतात, सगळा देश समुद्रावर असतो, दर दुप्पट. ४ ते १६ मे उत्तम. त्यापुढे 'लाओसचा वारा' जोर धरतो: नैर्ऋत्य मोसमी वारा पलीकडे लाओसमध्ये पाऊस टाकून डोंगर उतरतो तो कोरडा आणि तापलेला. महाबळेश्वर भिजतं आणि माणदेश फुफाट्यात राहतो, तसंच. हुएला ३८-३९ अंश सहज. म्हणून बाहेरचं सगळं सकाळी ५.३० ते ९.३०, मग खोली, मग ४ नंतर. स्थानिक लोकही मी खेला पहाटे ५ लाच पोहतात. झेंडे बघून, जीवरक्षकांच्या टप्प्यातच उतरा. परतीच्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे नको, किनाऱ्याला समांतर पोहा.

फिरस्तीण
आणि दिवाळीला जायचंच असेल कधी, तर उत्तरेला. निन्ह बिन्ह, हा जांग. तिथे तेव्हाच हवा सर्वांत छान असते. देश लांबुळका आहे, एका टोकाचं हवामान दुसऱ्याला लावू नका.

मीटरगेज
९ दिवस असे मांडा: मुंबई-हनोई थेट विमान, तिथून हुए (फू बाय विमानतळ). दोन्ही तिकिटं वेगळी असतील तर हनोईत सामान घेऊन, इमिग्रेशन करून, टर्मिनल २ मधून १ मध्ये जायचं. फुकट बस आहे, पण ४ तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका. स्वस्त कंपन्या हातातली ७ किलोची बॅग खरोखर वजन करतात, भाकरवडी मोठ्या बॅगेत टाका. हुए २ रात्री. दा नांग २: एक सकाळ संग्रहालय, एक दिवस बा ना किंवा सोन त्रा. होई आन ३: मी सोन, आन बांग, आणि समुद्र शांत असेल तर चाम बेटं (प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ देत नाहीत, कापडी न्या). उरलेला दिवस-रात्र येण्याजाण्यात.

फिरस्तीण
आणि हुए ते दा नांग?

मीटरगेज
रेल्वे. सामान गाडीने पुढे पाठवा, माणसं रेल्वेने.

फिरस्तीण
दोन्हीचे पैसे भरून?

मीटरगेज
पाच माणसांची रेल्वे तिकिटं त्या गाडीच्या भाड्याच्या निम्म्यातही येतात. घाटमाथा बघायचा तर दा नांगहून सकाळी दोन तासांत जाऊन येता येतं, माथा तिथून जवळ आहे.

टपालपेटी
ठरलं, रेल्वेच. आईचा एकच प्रश्न आहे: खिडकी नेमकी कोणत्या बाजूची?

वांगंभात
डावी, काकू! ठळक अक्षरांत लिहून झालंय. उजवीला बसलात तर तीन तास डोंगराची कपार बघा आणि वर चाय.